मनगटाच्या मागे काय? एका साखरपुड्याच्या अंगठीचं प्रकरण

फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून तिनं माझ्यासमोर धरला. सोन्याची बारीक अंगठी, आणि खड्याच्या जागी दोन हात, एकमेकांत धरलेले. "ताई, असलीच पायजे," ती म्हणाली. मुलगा शेजारी उभा होता. त्यानं मान डोलावली.

मुलगी खानापूर तालुक्यातली, घर मराठी. मुलगा बैलहोंगलकडचा, घर कन्नड. दोघं बेंगळुरूत एका ऑफिसात भेटले. दोन्ही घरांनी वर्षभर नको नको म्हणून पाहिलं आणि अखेर साखरपुडा बेळगावात करायचं ठरवलं. पत्रिका दोन्ही भाषांत छापायची हेही ठरलं. दुकानात ते नोव्हेंबरच्या ३ तारखेला आले. १ तारीख त्यांनी मुद्दाम टाळली होती. त्या दिवशी इथे एकीकडे कर्नाटकच्या राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे मराठी लोकांच्या निषेधाची, काळ्या दिवसाची फेरी, आणि अशा जोडप्यानं त्या दिवशी बाजारात हिंडू नये असं दोन्ही आयांचं एकमत होतं.

आमचं दुकान बेळगावच्या शहापुरात. बाबा ऐरणीवर बसतात, मी नक्षी काढते, आता लॅपटॉपवर कॅडही करते, म्हणजे डिझाइन संगणकातच घडवते. गेली काही वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक फोनवर फोटो घेऊनच येतं. फोटोवरून डाग, म्हणजे दागिना, बनवणं अवघड राहिलेलं नाही. फोटोतल्या आकाराचा अर्थ इथल्या घरात काय होईल ते मात्र आधी कळत नाही. या अंगठीनं मला ते शिकवलं, म्हणून दोन्ही घरांची परवानगी घेऊन हे सगळं लिहून काढते आहे.

तिला नेमकं काय हवं होतं

फोटोतली अंगठी एकसंध होती. तिला मात्र तिचा जुना प्रकार हवा होता, ज्याला युरोपात गिमेल म्हणतात. लॅटिनमधल्या 'जुळं' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं. त्यात दोन कड्या असतात, कधी तीन. खालच्या बाजूला एका खिळीवर त्या फिरतात. प्रत्येक कडीच्या टोकाला एक हात. कड्या मिटल्या की हातात हात बसतो, उघडल्या की दोन्ही हात सुटे होतात. तीन कड्यांची असेल तर मधल्या कडीवर छोटं हृदय असतं आणि मिटल्यावर ते दोन्ही हातांमध्ये झाकलं जातं. सोळाव्या-सतराव्या शतकात ती युरोपात फार चालली. वाग्दान झाल्यावर एक कडी त्यानं घालायची, एक तिनं, आणि लग्नाच्या दिवशी दोन्ही जोडून नवरीच्या बोटात, अशी रीत सांगतात. मुलीला हीच रीत मनापासून आवडली होती. साखरपुड्याला अर्धी अर्धी घालू, अक्षता पडल्या की पूर्ण करू.

मलाही ती आवडली. खरं सांगायचं तर त्या रात्री मी जेवण विसरून वाचत बसले.

ही खूण रोमन काळापासूनची. तिकडे तिचं नाव 'उजव्या हातांची जोडणी' असंच होतं. दगडी शवपेट्यांवर नवराबायको उजव्या हातात उजवा हात देऊन उभे दिसतात, अंगठ्यांच्या खड्यांवर तेच कोरलेलं दिसतं. आणि ती फक्त लग्नाची खूण नव्हती. इ.स. ६९ च्या यादवीतल्या नाण्यांवर हेच दोन हात आहेत आणि सोबत 'सैन्याची निष्ठा' अशी अक्षरं. पुढे बाराव्या शतकापासून अशा अंगठ्या युरोपभर दिसू लागतात. इटालियनमध्ये त्यांना 'मानी इन फेदे' म्हणजे विश्वासानं दिलेले हात म्हणत, म्हणून आजही त्या फेदे अंगठ्या. आयर्लंडमध्ये गॉलवेजवळच्या क्लाडा या कोळ्यांच्या वस्तीच्या नावानं जी अंगठी ओळखली जाते ती याच घराण्यातली, फक्त तिथे दोन हातांनी मुकुट घातलेलं हृदय धरलेलं असतं. १९३० च्या दशकात फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीनं पॅरिसमध्ये कपड्यांच्या पट्ट्याला हातांच्या आकाराची बकलं लावली आणि ही खूण दागिन्यांच्या डब्यातून फॅशनच्या मंचावर गेली. राजकारणालाही ती सोडवली नाही. १९४६ मध्ये, पुढे जो पूर्व जर्मनी झाला त्या भागात, दोन पक्ष एकत्र करून जो सत्ताधारी पक्ष झाला, त्याचं चिन्हही दोन हातच होते.

पण मला थांबवलं ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडनं. तिथे हे हात लग्नाइतकेच थडग्यांवर आहेत. व्हिटबी गावाच्या काळ्या जेट दगडात कोरलेल्या पिना बायका सुतकात वापरत, त्यातही हात असत. थडग्यावरच्या हातांत कुणाचा कोणता हे ओळखायची जागा मनगट. एका मनगटाला झालरीची बाही, दुसऱ्याला साधा पुरुषी कफ. म्हणजे हात दोघांचे सारखेच, नवरा कोण आणि बायको कोण हे बाहीनं सांगायचं. हे मी वहीत लिहून ठेवलं. त्याचं महत्त्व तेव्हा अर्धंच कळलं होतं.

पहिला नमुना, आणि माझी चूक

मी कॅडवर एक हात काढला. बोटं, नखं, अंगठ्याचं पेर, सगळं मन लावून. मग संगणकात त्याची आरशातली प्रत केली आणि दोन्ही हात एकमेकांत बसवले. मेणाची प्रिंट कोल्हापूरहून आली, बाबांनी चांदीत ओतली, कानस मारली, उजळा दिला. मनगटांना मी झालरीची बाही आणि कफ ठेवले होते, फोटोत होते तसे.

मुलगी नमुना बघायला आली तेव्हा तिची आज्जी सोबत होती. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, दोन्ही हातांत हिरवा चुडा, नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. तिनं अंगठी उजेडाला धरली, फिरवली, मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून एकमेकांत घालून पाहिले.

"गे बाय, ह्यातला एक डावा हाय."

बाबा मागून उठून आले. त्यांनी भिंग लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर सांगतायत आज्जी."

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती नुसती हलगर्जी नव्हती. आरशातली प्रत घेतली की उजव्याचा डावा होतो, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण दागिन्यात आपल्याला सारखेपणाची इतकी सवय असते की कानातल्यांची जोडी जशी उलटसुलट करतो तसंच हात सहज गेला. हातात हात घेतलेली दोन माणसं एकमेकांचं प्रतिबिंब नसतात. दोघंही उजवाच हात देतात. एक हात जसाच्या तसा उचलायचा आणि दोघांचे अंगठे जिथे भेटतात त्या उभ्या रेषेभोवती अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे दुसरा मिळतो. अंगठे दोन्ही वर राहतात. समोरून पाहाल तर एका हाताची पाठ दिसते, दुसऱ्याची नुसती बोटांची टोकं आणि अंगठा. मागून पाहाल तर उलट. रोदँनं १९०८ मध्ये 'कॅथेड्रल' नावाचं शिल्प केलं, त्यात दोन हात एकमेकांकडे झुकलेले आहेत. पाहणाऱ्याला ते एकाच माणसाचे जोडलेले हात वाटतात. नीट पाहिलं की दोन्ही उजवे, म्हणजे दोन माणसांचे. त्या शिल्पाचा सगळा जीव त्यात आहे.

डाव्या हाताचा दोष पाश्चात्त्यांनाही खुपतो. यान व्हान आयकनं १४३४ मध्ये रंगवलेलं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात नवऱ्यानं बायकोचा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला आहे, आणि हे लग्न आहे की वाग्दान की आणखी काही, यावर अभ्यासक आजवर भांडतात. आमच्याकडे वाद व्हायला जागाच नाही. शुभकार्यात डावा हात पुढे येत नाही.

आपल्या पाणिग्रहणातही उजवा हातच आहे. ऋग्वेदातल्या सूर्यासूक्तात वर म्हणतो, 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्', सौभाग्यासाठी तुझा हात धरतो. तंजावरच्या संग्रहालयात तिरुवेंकाडूची अकराव्या शतकातली चोळ कांस्यमूर्ती आहे, शिवपार्वतीच्या लग्नाची. शिवाच्या उजव्या हातात पार्वतीचा उजवा हात आणि तिची मान किंचित खाली. आश्वलायन गृह्यसूत्र तर हाताचा कोणता भाग धरायचा तेही सांगतं: मुलगे हवे असतील तर अंगठा, मुली हव्या असतील तर बोटं, दोन्ही हवे असतील तर अंगठ्यासकट सगळा हात. मी मुलीला हे सांगितलं. "सगळाच धरूदे की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या नमुन्यात आम्ही पंजा पूर्ण धरलेला घेतला. तिथवर सगळं सुरळीत होतं.

आज्जीचा आक्षेप

दुसरा नमुना गिमेलचा होता. दोन कड्या, खीळ नीट बसलेली, दोन्ही हात उजवे. मी तो मोठ्या समाधानानं आज्जीच्या हातात दिला. तिनं कडी उघडली. एक हात या बाजूला गेला, एक त्या बाजूला. तिनं तो तसाच, उघडाच, काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"ही नको."

का, ते तिनं दुकानात सांगितलं नाही. नातीला म्हणाली, हिला रविवारी गावाकडं आण.

गाव हलशीच्या वाटेवर आहे, कदंब राजांच्या जुन्या देवळांचा तो पट्टा. गावाबाहेर वडाखाली तीनचार दगड उभे आहेत, शेंदूर लागलेले. दोन वीरगळ, आणि त्यांच्या शेजारी कमरेएवढा एक दगड. वर चंद्र आणि सूर्य. मधे एका खांबातून निघालेला एकच हात, कोपरात वाकून पंजा वर केलेला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. सतीचा दगड. खानापूर, चंदगड, कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत असे दगड गावोगाव आहेत. मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी पाहिलेच नव्हते.

"बग," आज्जी म्हणाली, "बाई न्हाय. हात तेवडा ऱ्हायला."

बांगड्या फुटलेल्या नाहीत, याचा अर्थ ती सवाष्ण गेली, असं दगड सांगतो. आज्जी त्या दगडापुढे हात जोडत नाही, हेही मी पाहिलं. तिच्या आईनं तिला सांगितलेलं होतं की इथून जाताना नवी नवरी मागे वळून बघत नाही. सती गेलेल्या बाईचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या, किंवा बहुतेक वेळा घातलेल्या, बाईचं जे काही उरवलं ते एवढंच: एक हात आणि त्यातला चुडा. त्या दगडापाशी उभं राहिल्यावर साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या बोटात मनगटाशी कापलेला एकटा हात घालायची कल्पना माझ्याच पोटात कालवली.

युरोपच्या डोळ्याला मनगटाशी संपणारा हात खटकत नाही, कारण बाही त्याला माणसाशी जोडते. बाही दिसली की मागे माणूस आहे हे डोळा धरून चालतो. आपल्याकडे शरीर नसलेल्या हाताचा अर्थ शतकानुशतकं दगडात कोरलेला आहे. त्यात गिमेलची रीत म्हणजे तो हात महिनोन् महिने एकटा ठेवायची रीत. फोटो निवडणाऱ्या मुलीला आणि वाचत बसलेल्या मला जे दिसलं नाही, ते आज्जीला कडी उघडताक्षणी दिसलं.

दुसरी गाठ, भाषेची

हे एवढ्यावर निभलं असतं. पण त्याच रविवारी दुपारी घरात बोलणं निघालं आणि मुलीच्या आत्यानं वेगळाच मुद्दा काढला. "हात धरून गेली म्हणतील लोक. झालं ते झालं, आता सोन्यात करून घालायला कशाला पायजे?"

मराठीत हे वाक्य बोचतं. अमकी तमक्याचा हात धरून गेली, म्हणजे पळून गेली. मुलीनं मान खाली घातली. वर्षभर तिनं हेच ऐकलं होतं. खोलीत कोणी बोलेना.

मुलाचे वडील त्या दिवशी बोलणीसाठी आले होते. त्यांना मराठी पुरतं कळतं, बोलताना मधेमधे कन्नड येतं. आत्या काय म्हणाल्या ते त्यांनी मुलाला विचारून नीट समजून घेतलं आणि मग सावकाश म्हणाले, "अक्का, आमच्यात कै हिडिद गंड म्हणत्यात. हात धरलेला म्हणजे नवरा. लग्नाचा. दुसरं काय न्हाय त्यात."

कै म्हणजे हात, हिडि म्हणजे धर. कन्नडमध्ये कै हिडिद हेण्ती म्हणजे लग्नाची बायको, आणि संकटात कै बिडू नको, हात सोडू नको, असं म्हणतात. तेच शब्द, तोच हात. एका भाषेत पळून जाणं आणि दुसरीत आयुष्यभराची सोबत, आणि आम्ही तर दोन्ही भाषांत रोज भाजी घेतो. आत्या काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मुलाच्या वडिलांना चहा पुढे केला. त्या पटल्या असं मी म्हणणार नाही, पण तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

मुलगी मात्र गिमेलवर अडून होती. परतताना गाडीत म्हणाली, "ताई, दोन तुकडे असूनपण एकच, हेच तर पायजे होतं मला." तेव्हा मी तिला नेदरलँड्समधल्या रूरमोंडची गोष्ट सांगितली. घरात सांगता आली नसती, कारण ती थडग्यांची आहे. तिथला एक घोडदळाचा कर्नल प्रोटेस्टंट, बायको कॅथलिक घराण्यातली. १८४२ मध्ये लग्न झालं. तो १८८० मध्ये गेला, ती १८८८ मध्ये. दफनभूमीत दोन पंथांच्या मधे भिंत होती, एकत्र पुरायला मनाई. घराण्याची कबर सोडून तिनं भिंतीलगतची जागा घेतली. आज भिंतीच्या दोन बाजूंना दोन उंच दगड आहेत. दोन्हींतून एकेक हात बाहेर येतो आणि भिंतीच्या वर ते एकमेकांना धरून आहेत. भिंतीच्या या बाजूनं पाहिलं तर एक हात पुढे, त्या बाजूनं पाहिलं तर दुसरा.

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं आणि उत्तर तिथेच होतं.

जे केलं ते

गिमेल सोडली. दोन स्वतंत्र अंगठ्या करायच्या ठरल्या, आणि दोन्हींवर दोन्ही हात, एकमेकांत धरलेलेच, कधीच न उघडणारे. पण दोन्ही अंगठ्या सारख्या नाहीत. दोन उजव्या हातांची पकड समोरून एक दिसते, मागून दुसरी. म्हणून तिच्या अंगठीत तिच्या हाताची पाठ वर, त्याची बोटं मागून आलेली. त्याच्या अंगठीत त्याच्या हाताची पाठ वर, तिची बोटं मागून आलेली. पकड एकच, फक्त ज्याच्या त्याच्या बाजूनं पाहिलेली. दोघं समोरासमोर उभे राहून हात देतील तेव्हा ज्याला जे दिसेल, तेच त्याच्या बोटात. तिला हवे होते ते दोन तुकडे अशा रीतीनं मिळाले आणि एकटा हात कुठेच राहिला नाही.

मग मनगट. बाही आणि कफ काढून टाकले. इथल्या लग्नात कफ कुठला? तिच्या मनगटाला बांगड्या हव्यात हे उघड होतं. त्याच्या मनगटाला काय, यावर बाबा आणि मी दोन दिवस बोलत होतो. घड्याळ नको, कडं नको. शेवटी बाबांनीच सुचवलं: कंकण. लग्नात वरवधू दोघांच्याही मनगटाला हळकुंड बांधलेलं सुती कंकण असतं, आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही, कन्नडमध्ये शब्दसुद्धा कंकणच. मग तिच्या मनगटावर बांगड्यांमागे कंकण आणि त्याच्या मनगटावर नुसतं कंकण, बारीकशा हळकुंडासह.

आणि ते कंकण मनगटाशी थांबत नाही. त्याचाच पीळ पुढे जाऊन अंगठीची कडी होतो, बोटाभोवती फिरून दुसऱ्या हाताच्या कंकणाला मिळतो. बाबांनी जंत्रीतून तार ओढून तिचा गोफ वळला आणि डाख देऊन तो ओतीव हातांना जोडला, म्हणजे ही कडी मशीनमधून आलेली नाही. हात कुठून आला आणि कुठे गेला, हे आता डोळ्याला सापडतं. कापलेलं टोक अंगठीत एकही नाही.

बाकीचे निर्णय धंद्याचे. १८ कॅरेटमध्ये बोटांच्या कडा जास्त टिकल्या असत्या, कारण २२ कॅरेटचं सोनं मऊ. पण साखरपुड्याचा डाग बावीसचाच, यावर दोन्ही घरं ठाम होती. म्हणून बोटांमधल्या खाचा उथळ ठेवल्या, बोटं थोडी जाड केली आणि नखं गाळली. बांगड्यांवर हिरवा मीना भरायची मुलीची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. रोज भांड्यांत आणि साबणात जाणाऱ्या अंगठीवरचा मीना टवका उडून जातो, आणि सवाष्णीच्या बांगडीचा टवका उडालेला आज्जीला चालला नसता. त्याऐवजी कलमानं पाच बांगड्या कोरल्या. कडीची आतली बाजू गुळगुळीत राखली, कारण १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही आणि पिळावर तो उमटवायला जागा नसते. कडीला गोफ असल्यानं पुढे मापात फरक करणं कठीण जाईल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं. तिची अंगठी चार ग्रॅमच्या आत बसली, त्याची सहाच्या जरा वर.

साखरपुडा आणि त्यानंतर

मी गेले होते. टिळकवाडीतल्या एका कार्यालयात, दोन्ही भाषांतल्या बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत बसलेल्या, कुंद्याचे डबे एका बाजूला, गोकाकचा करदंट दुसऱ्या बाजूला. अंगठ्या घालायची वेळ आली तेव्हा आज्जीनं तबकातून दोन्ही उचलल्या, आधी स्वतः पाहिल्या. तिनं बांगड्या मोजल्या. ओठ हलताना मला दिसले. मग तिनं त्या मुलाच्या आईच्या हातात दिल्या आणि मुलाच्या आईनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, जे आज्जीला कळलं नाही. तरी आज्जीनं आपला उजवा हात पुढे करून त्यांचा उजवा हात धरला आणि पकड कशी दोन बाजूंनी दिसते ते करून दाखवलं.

मी केलेल्या निवडीत एक गोष्ट मला अजून पूर्ण बरोबर वाटत नाही. तिच्या अंगठीत त्याची बोटं मागून येतात ती फारच थोडी दिसतात, आणि पटकन पाहणाऱ्याला एकच हात असल्यासारखा भास होतो. अंगठा आणखी वर उचलायला हवा होता. पुढच्या वेळी उचलीन.

अशीच अंगठी पाहिजे म्हणून त्यानंतर चारपाच जण येऊन गेले. तयार करून ट्रेमध्ये ठेवा, खपेल, असंही एकानं सांगितलं. मी ठेवलेली नाही. ज्यांना हवी त्यांना मी आधी विचारते, तुमच्या लग्नात मनगटाला काय असतं. एका ख्रिस्ती जोडप्याला बाही हवी होती, त्यांना बाही करून दिली. एका घरानं मुलाच्या मनगटाला रुद्राक्ष मागितला. पहिला चांदीचा नमुना, तो डाव्या हाताचा, बाबांनी वितळवू दिला नाही. ऐरणीजवळच्या खणात आहे, आणि नवा मुलगा कामाला आला की बाबा तो त्याच्या हातात देऊन यात काय चुकलंय ते शोधायला सांगतात.

पाऊस संपता संपता मुलगी दुकानात आली. पाच बांगड्यांपैकी पुढच्या दोन झिजून पुसट झाल्या होत्या. बाबांनी कलम घेऊन त्या पुन्हा ओढल्या. सासरी सगळे हिला कै उंगुर म्हणतात, तिनं सांगितलं, हाताची अंगठी. ती थांबली होती तेवढ्यात फोन आला आणि ती कन्नडमध्ये बोलू लागली, अडखळत, पण न थांबता. बोलता बोलता तिनं डावा हात पुढे करून अंगठी बोटात चढवली, बांगड्यांचा हात स्वतःकडे करून.